‘चुकलो’ असं लिहून दिल्यावर

माझी खुर्ची एका सोमवारी सकाळी नाहीशी झाली. पहिल्या शिफ्टला आत शिरलो, पॅनेलसमोर बघितलं, तर जागा रिकामी. फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार काळे डाग तेवढे राहिले होते. अकरा वर्षं मी त्या खुर्चीवर बसून काटे बघत होतो आणि दर अर्ध्या तासाने लॉगशीटवर आकडे लिहीत होतो. वाटलं, दुरुस्तीला नेली असेल, तशी मोडकीच होती. तासाभराने प्रॉडक्शन मॅनेजर आले, मला उभा बघून म्हणाले, "उभ्याने झोप येत नाही. बघ, किती ताजातवाना दिसतोस."

मी हसलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण या प्रकरणात माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतली ही पहिली. साहेब थट्टा करतो तेव्हा हसायचं असतं, अशी आमची शिकवण. आपण हसलो की त्याला कळतं, याला चालतंय.

कंपनी रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतली, रसायनांची. काळ मोबाइल यायच्या आधीचा. मी पेणच्या खारेपाटातला, बाप मिठागरावर राबलेला, घरात आयटीआय झालेला पहिला मीच. पेणहून कंपनीची बस सुटायची, तिने रोज जायचो-यायचो. नोकरी कायम होती. आमच्या गावात ‘कायम’ हा शब्द मुलीच्या बापाला आधी सांगायचे, मुलाचं नाव मागाहून.

खुर्ची का गेली तेही सांगतो. हे मॅनेजर नवीन आलेले. त्यांच्या दुसऱ्याच महिन्यात एक बॅच बिघडली. तापमान चढत होतं तेव्हा मी दोनदा फोन केला होता आणि त्यांनी ‘चालू दे’ म्हणून सांगितलं होतं. नंतर ते लॉगशीट घेऊन आले आणि म्हणाले, "हे दोन आकडे खाली आण. नवीन शीटवर सगळं उतरवून काढ." मी म्हटलं, "साहेब, काट्याने दाखवलं ते लिहिलं." एवढंच. उद्धटपणा नव्हता की शौर्य नव्हतं. अकरा वर्षांत खोटा आकडा लिहिला नव्हता, हात वळला नाही. पुढच्याच सोमवारी खुर्ची गेली.

मग सुरू झालं. आठ तास उभं राहायचं. लघवीला जायचं तर त्यांच्या केबिनला फोन करून विचारायचं, आणि ते फोन हातात धरूनच शेजारच्याला मोठ्याने सांगायचे, "मिठागराला पाणी सोडायचंय." मी ‘नाय’ म्हटलं की तेही ‘नाय’ म्हणायचे, नाक ओढून, आणि सगळे हसायचे. सगळे म्हणजे कोण? माझ्याच बसमधले, माझ्याच डब्यातलं सुकट मागून खाणारे. दिवाळीच्या सुट्टीचा माझा अर्ज कपाटाखाली सापडला. दुसऱ्याच्या हातून फुटलेल्या काचेबद्दल मला मेमो आला. मी उत्तर लिहून दिलं, तर त्यातल्या चुकांवर लाल पेनने गोल करून तो कागद नोटीसबोर्डावर लावला. बाप माणूस मी, दोन मुलांचा, आणि माझं शुद्धलेखन भिंतीवर टांगलं होतं.

युनियन होती. म्हणजे बोर्ड होता, हार घातलेला फोटो होता आणि एक पुढारी होता. तो म्हणाला, "साहेब नवीन हायेत, जरा दमानं घे. खुर्चीसाठी काय संप करायचा काय?" बळी तो कान पिळी, हे मला ठाऊक होतं. पण ज्याने आपला कान सोडवायचा तोच ‘जरा दमानं घे’ म्हणतो, तेव्हा जास्त दुखतं.

माझी बायको पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. संध्याकाळी घरी आलो की ती माझ्या सुजलेल्या पोटऱ्या बघायची. एकदा म्हणाली, "अवो, जनावर पन बसतं दुपारचं. तुमी मानूस हाव ना? कुनाला तरी सांगा." मी तिच्यावर ओरडलो. साहेबावर ओरडता येत नव्हतं, तिच्यावर येत होतं. तेही लिहून ठेवतो.

आता गणपतीचं. पेणचा माणूस बाहेरगावच्या कंपनीत लागला की त्याच्या गळ्यात एक काम आपोआप पडतं: सगळ्यांचे गणपती आणून द्यायचे. कुणी विचारत नाही तुला जमेल का. आषाढ लागला की लोक आपापले पाट आणून देतात, खाली नाव लिहिलेले. आमच्याकडे मूर्ती घरच्या पाटावर करून घ्यायची रीत आहे, त्यामुळे आधी पाट पेणला न्यायचे आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसलेले गणपती रोह्याला आणायचे. कंपनीच्या बसमधून मी वर्षाला पंचवीस-तीस पाट नेत होतो. त्यात माझा एक पैसा नव्हता. उलट एखाद्याच्या मूर्तीचं बोट दुखावलं तर बायको ते फुकटात जोडून द्यायची. आधीच्या साहेबांचा गणपतीही मीच आणायचो आणि त्यांच्या घरी चहा प्यायचो.

त्या वर्षी नव्या साहेबांचाही पाट आला. साफसफाईची बाई तो घेऊन आली. ती ठेकेदाराकडची, रोह्याच्या पुढे नदीकाठच्या कातकरवाडीतली. सात वर्षं आमच्या विभागात झाडायला-पुसायला होती, मला भाऊ म्हणायची. पाट माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "भाऊ, सायबांनी धाडलाय. शेंदरी पितांबर पायजे बोलले." मला खरंच आनंद झाला. घरी जाऊन बायकोला सांगितलं, साहेब विरघळला गो, त्याने पाट दिला. त्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तिने स्वतः केली.

गणपती आला, दीड दिवसाने त्यांच्याकडचं विसर्जन झालं, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर चार्जशीट टाईप करून तयार होती. आरोप असा, की मी कामाच्या वेळात सहकाऱ्यांकडून मूर्तींच्या ऑर्डरी घेऊन खाजगी व्यवसाय करतो आणि त्यासाठी कंपनीच्या बसचा गैरवापर करतो. ज्याच्या घरात माझ्या बायकोने डोळे आखलेला गणपती पुजला गेला, त्याची त्यावर सही होती.

साहेब मात्र त्या दिवशी गोड बोलले. म्हणाले, "हे बघ, मला तुझ्या पोटावर पाय द्यायचा नाही. दोन ओळी लिहून दे. ऑर्डरी घेतल्या, चुकलो, पुन्हा करणार नाही. मी कागद फाइलला लावतो, विषय संपला." मी म्हटलं, यात माझा धंदा कुठे आहे, तुमचाही पाट मीच नेला. तसा त्यांचा आवाज चढला. "लिहितोस की आत्ता गेटबाहेर काढू? पोलिसात देईन, कंपनीचा माल बाहेर नेतोस म्हणून. मग बस मिठागरावर."

इथे मी ती मोठी चूक केली आणि ती का केली ते शहरातल्या माणसाला समजावणं कठीण आहे. आमच्या गावात भांडण मिटवायची रीत अशी, की दोघांनी देवळासमोर गावकीपुढे यायचं. म्हातारी माणसं ऐकून घेतात आणि पुष्कळदा ज्याची चूक कमी त्यालाच म्हणतात, तू मोठा हो, तू चुकलो म्हण. तो चुकलो म्हणतो, नारळ फुटतो, दोघं त्याच नारळाचं खोबरं खातात. त्यानंतर त्या भांडणाचा कुणी पुन्हा उच्चार केला तर गावकी त्यालाच दंड करते. चुकलो म्हणणारा आमच्यात गुन्हेगार ठरत नाही. त्याने घाण पोटात घेतली म्हणून त्याला मान मिळतो. माझ्या बापाने आयुष्यात तीनदा असं चुकलो म्हटलं होतं आणि तिन्ही वेळा चूक दुसऱ्याची होती.

मी लिहून दिलं. नुसतं लिहून दिलं नाही, दुसऱ्या दिवशी पेणच्या बाजारातून नारळ घेतला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, आता मनात काय ठेवू नका. साहेबांनी नारळ हातात घेऊन कानाशी हलवून बघितला, पाणी आहे का, आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

त्या कागदावर माझी चौकशी लागली. चौकशी अधिकारी म्हणून जो वकील आणला त्याचे पैसे कंपनीच देत होती, आणि तो जेवायला साहेबांच्याच टेबलावर बसत होता. मला सांगितलं, तुझ्या बाजूने साक्षीदार आण. मी एकेकाकडे गेलो. ज्यांचे पाट मी पावसात डोक्यावर घोंगडी घेऊन वाहिले होते त्यांच्याकडे. एक म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. एक म्हणाला, माझी बदली वर्कशॉपला व्हायचीय, एवढं होऊ दे. पुढारी म्हणाला, तूच लिहून दिलंस, आता आमी काय करनार. एकाने तर मला बघून संडासात जाऊन कडी लावली. मी दहा मिनिटं बाहेर उभा राहिलो, उभं राहायची सवय झालीच होती.

चौकशीचा अहवाल मी इतक्या वेळा वाचला की पाठ झालाय. त्यात लिहिलं होतं, आरोपीने लेखी कबुली दिलेली असून दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांस नारळ आणून दिला, यावरून कबुली स्वेच्छेची व दबावाविना होती हे सिद्ध होते. माझ्या बापाच्या रीतीचा नारळ त्यांनी माझ्याच कपाळावर फोडला. मला बडतर्फ केलं.

बडतर्फीचं पत्र घेऊन मी पेणच्या कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वयस्कर वकिलाकडे गेलो. कळकट खोली, भिंतभर फायली, आणि तोंडाने अतिशय फटकळ माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, कागद बघितले आणि पहिलं वाक्य बोलले, "हात दाखवून अवलक्षण केलंस. हे लिहायच्या आधी का नाही आलास?"

म्हटलं, मला काय माहीत, साहेब चिडवतो म्हणून वकिलाकडे जाता येतं?

मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. कारखान्यांच्या कायद्यात स्पष्ट छापलंय, म्हणाले, उभ्याने काम करणाऱ्या माणसाला टेकायला बसायची सोय ठेवलीच पाहिजे. ज्या दिवशी खुर्ची गेली त्या दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टरला एक साधा अर्ज गेला असता तर पुरे होतं. शिव्या आणि धमक्या दिल्या तेव्हा पोलिसात निदान नोंद करायची, ते धावत येणार नाहीत, पण तारखेचा कागद हातात राहतो. मुद्दाम छळ करणं, खोट्या आरोपाखाली काढणं, याला महाराष्ट्रात खास कायदा आहे, अनुचित कामगार प्रथांचा. कामावर असतानाही त्याखाली तक्रार करता येते, काढून टाकायची वाट बघावी लागत नाही. कामगार अधिकाऱ्याकडे तडजोडीला जाता येतं. आणि चार्जशीट आली की कधीही, कुणीही, कितीही गोड बोललं तरी ‘चुकलो’ लिहायचं नाही. ‘आरोप नाकबूल, कागदपत्रं द्या’ एवढंच लिहायचं.

मला साहेबाचा नाही, त्या क्षणी सगळ्या जगाचाच संताप आला. वर्षभर मी सुजलेल्या पायांनी उभा होतो आणि माझ्या बसायच्या हक्काचं कलम कुठल्यातरी पुस्तकात आरामात बसलेलं होतं! कंपनीच्या गेटवर सुरक्षिततेच्या पाट्या होत्या, बूट घाला, हेल्मेट घाला. ही एक पाटी लावायला कुणाचा हात मोडला होता? पुढाऱ्याला हे माहीत नव्हतं की माहीत असून तो बोलला नाही, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. दोन्हींत त्याला शिवीच लागू पडते.

"आता रडू नकोस," वकील म्हणाले. "तीन महिन्यांच्या आत तक्रार टाकायची असते, अजून मुदत आहे. पण तो कागद जबरदस्तीने घेतला हे सांगणारं कुणीतरी पाहिजे. खोलीत आणखी कोण होतं?"

मी म्हटलं, कुणी नाही. फक्त साहेब आणि मी.

घरी येऊन बायकोला तेच सांगितलं. ती म्हणाली, "नीट आठवा. कुनीच नवतं?" मी आठवून आठवून सांगितलं, टेबल, फोन, पंखा, फरशी ओली होती. आणि बोलता बोलता थांबलो. फरशी ओली होती, कारण ती पुसली जात होती. ती साफसफाईची बाई सगळा वेळ तिथेच होती. साहेबाने तिला माणसात धरलं नाही हे समजतं, तो तसलाच. पण मीसुद्धा वकिलाला ‘कुणी नाही’ म्हणून सांगून आलो होतो. मी, ज्याला ती सात वर्षं भाऊ म्हणत होती.

तिला गाठायला मी शिफ्ट सुटायच्या वेळी गेटपासून लांब, रस्त्याच्या वळणावर उभा राहिलो. कंपनीची बस समोरून गेली, खिडकीतल्या सगळ्या माना एकदम दुसरीकडे वळल्या. मागून ती चालत आली. मी कसंबसं सांगितलं. वाटलं होतं, तीही नवऱ्याला विचारते म्हणेल. ती म्हणाली, "मी व्हते ना तिथं. आयकलंय मी समदं. कंदी यायचं ते सांगा."

मी म्हटलं, बाय, तुझं काम जाईल.

"मंग तुमी कशाला इचारताव?" ती म्हणाली. आणि आपणच पुढे म्हणाली, "येन मी. खोटं तं नाय सांगायचं ना? मंग येन."

केस उभी राहायला दीड वर्ष गेलं. त्या काळात मी डोलवीच्या बाजूला ठेकेदाराकडे रोजंदारीवर होतो. ठेकेदाराचा माणूस म्हणजे काय ते तिथे कळलं. पास त्याच्याकडे, हजेरी त्याच्याकडे, उद्या ये म्हणाला तर यायचं, नको म्हणाला तर ‘का’ हा शब्दच नाही. घर बायकोच्या ब्रशावर चाललं होतं. नातेवाईक सांगत होते, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी म्हणायचो, शहाणा असतो तर चुकलो लिहून दिलं असतं काय?

बाईच्या साक्षीचा दिवस मी विसरणार नाही. कोर्ट लांब, दोन गाड्या बदलून जायचं. तिने केसांत अबोलीची वेणी माळली होती. आमच्या वकिलांनी विचारलं तसं तिने सांगितलं. खुर्ची साहेबांच्या सांगण्यावरून तिनेच उचलून गोदामात ठेवली होती, अजून तिथेच आहे. पाट साहेबांच्या गाडीतून तिनेच काढून माझ्याकडे आणला. आणि त्या दिवशी साहेब म्हणाले, लिही नाहीतर गेटबाहेर काढतो, पोलिसात देतो.

मग कंपनीचा वकील उठला. आधी विचारलं, या माणसाने साक्षीबद्दल साडी दिली का. ती म्हणाली, "दिली असती तं तीच नेसून नसते आले?" कोर्टात हशा झाला. वकील चिडला. "एवढं गुप्त बोलणं चाललं होतं, तर साहेबांनी तुला बाहेर कसं काढलं नाही? खोटं बोलतेस तू. तू तिथे नव्हतीसच."

"फरशी पुसनारीला कोन भायेर काढतं?" ती म्हणाली. "सायब भाऊंना दम देत व्हते तवा मी टेबलाखाली पुसत व्हते. त्यांनी बोलता बोलता पाय वर घेतले. मी खालचं पुसलं, त्यांनी पाय खाली ठेवले. बोलनं काय थांबवलं नाय."

न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि ते वाक्य तिच्याच शब्दांत लिहायला सांगितलं. माझी केस तिथे जिंकली गेली. वकिलांची हुशारी नव्हे, कलमं नव्हेत, तिने पुसलेली ती टेबलाखालची हातभर फरशी.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने तिला गेटवरच थांबवलं. पास काढून घेतला आणि उद्यापासून नको म्हणून सांगितलं. हे मला आठवड्याभरात कळलं होतं. मी हळहळलो आणि आपल्या कामाला लागलो.

निकाल आणखी वर्षभराने आला. चौकशी पक्षपाती, कबुली दबावाखाली घेतलेली, मला पूर्ववत कामावर घ्यावं. साहेब तोवर दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात गेले होते, आणि बढती घेऊन. त्यांचं कुणी काही वाकडं केलं नाही. कोर्टाने मला माझी जागा परत दिली, त्यांना शिक्षा द्यायची असते हे कुठल्या कलमात नव्हतं, की असून आम्ही मागितलं नाही, कोण जाणे. मी पुन्हा बसमध्ये चढलो तेव्हा तीच माणसं सरकून जागा द्यायला लागली. एकजण म्हणाला, आपन जिंकलो. मी त्याच्या त्या ‘आपन’ला काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही.

कामावर रुजू होऊन महिना झाला तरी मी त्या साफसफाईच्या बाईच्या वाडीवर गेलो नव्हतो. बायको रोज टोकायची. शेवटी ती म्हणाली, "तुमची जीभ झडली काय, तिला बोलाया?" तेव्हा गेलो. बाई आता कोलाडच्या बाजूला कुणाच्या तरी शेतावर भाजी खुडायला जात होती, रोज मिळेल तर मिळेल. मी पेढे पुढे केले, निकाल सांगितला. तिला मनापासून आनंद झाला. मग कोपऱ्यात बसलेल्या पोराच्या हातात पेढा देत म्हणाली, "भाऊ, तुमचा कागद झाला. तसा माझा पन कागद होयल काय?"

रविवारी तिला घेऊन मी पेणला वकिलांकडे गेलो. ते तिला ओळखत होते, उठून खुर्ची दिली. म्हणाले, होऊ शकेल. ठेकेदाराची असली तरी कामगार आहे, साक्ष दिली म्हणून काढलं, हा तर उघड अन्याय. उशीर झालाय, पण उशिराचं कारण दाखवता येईल. पुरावा काय आहे? पास? काढून घेतला. पगाराची चिठ्ठी? कधी नव्हतीच. हजेरीपुस्तक? ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार सांगणार की अशी कुणी बाई नव्हती. कोर्टातली तिची साक्ष आहे, तिचा उपयोग होईल, पण तेवढ्यावर निभणार नाही. इतकी वर्षं ही रोज कंपनीत येत होती, हिला कंपनीचे साहेब कामं सांगत होते, असं शपथेवर सांगणारा आतला माणूस लागेल. कायम कामगार.

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले.

मी खाली बघत होतो. नवीन मॅनेजरने रुजू होताना मला सांगितलं होतं, झालं गेलं विसरा, आता कागदबाजी नको. मुलगी दहावीला होती. नोकरी परत मिळून पुरते चाळीस दिवस झाले नव्हते, त्यासाठी अडीच वर्षं मी मातीत गेलो होतो, आणि ती पुन्हा कुणाच्या टेबलावर ठेवायची होती. मी म्हटलं, "बघू. जरा विचार करून..." वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तेच तर मला सहन होत नाही. पदर खोचला, उठली आणि म्हणाली, "राहू दे, भाऊ. तुमची नोकरी परत जायल."

आणि मला, खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.